मोठा गंज, चमचाभर विरजण

मोठ्याई, आज रविवार आहे, कूलरमध्ये पाणी भरून झालं आहे, आणि मी सकाळपासून टेबलाशी बसते आहे नि उठते आहे. उद्या ऑफिसात एक टिपण द्यायचं आहे. विषय असा: अन्नाची असुरक्षितता, कारणे आणि उपाय. तू हे ऐकलं असतंस तर पदर खोचत म्हणाली असतीस, "उपाशी म्हन नं सरळ. येवढं लांबलचक काहून बोलून राह्यली?" पण सरळ म्हटलं तर टिपण एका ओळीत संपतं, आणि आमच्या संचालक मॅडमना जाड टिपण लागतं. 'कारणे' लिहून त्याखाली रेघ मारली आहे. रेघेखाली काही उतरत नाही. मधे उठून ओटा पुसला, तो पुसलेलाच होता. मग खिडकीशी जाऊन समोरच्या खोलीचं दार उघडं आहे का ते पाहून आले. बंद आहे. त्या दारामागे एक तरुण बाई, तिचा नवरा आणि त्यांची लहान मुलगी राहतात, आणि ती मुलगी उद्या दुपारी पोटभर जेवणार की नाही हे आता माझ्यावर येऊन पडलं आहे. म्हणून टिपण बाजूला सारलं आणि तुला लिहायला घेतलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की एरवी तुझा आवाज मला आठवून आठवून काढावा लागतो. आज तो जागचा हलत नाही.

गल्ली तीच आहे. आपल्या घराच्या जागी आता मजले चढले आहेत आणि त्यातल्या एका मजल्यावर मी एकटी राहते. शाळेतली नोकरी संपली, हे गेले, मुलगा पुण्याला, आणि मी फिरून इथेच आले. माग मात्र एकही राहिला नाही. तुझं स्वयंपाकघर मागाच्या खोलीला लागून होतं, आठवतं ना. मोठे बाबा आणि बाबा मागावर, आई चरख्याशी कांड्या भरत बसलेली, आणि आईची मोठी जाऊ म्हणून चूल तुझ्याकडे. चुलीशी बसून तू सगळी गल्ली ऐकायचीस. घरोघरी खटखट चाललेली, आणि कोणाचा माग जड चालतो, कोणाचा घाईत, हे तुला भाजी चिरता चिरता कळायचं. मला अजून दिसतं: तू वरण ढवळते आहेस आणि मधेच तुझा हात थांबतो. "कोपऱ्यावरचा माग बंद आहे वं कालपासून." आई म्हणते, पाहुणे आले असतील. तू पळी झटकून ठेवतेस. दुसऱ्या दिवशीही तिकडून आवाज आला नाही की तू फळीवरचं मोठं पातेलं, तुझा तो गंज, काढतेस. सूत मिळालं नाही की माग बंद, माग बंद की मजुरी बंद, आणि मजुरी बंद की त्या घरच्या पोरांना संध्याकाळी लवकर झोपवायचं. हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा मोठे बाबा मला लकडगंजात घेऊन गेले होते. त्या दिवसांत अर्धी गल्ली गप्प होती. तिथे एका गोदामात तांदळाची पोती आढ्यापर्यंत लागलेली, वर चढून हमाल आणखी रचत होते, आणि मला वाटलं की मोठ्या बाबांना हे माहीतच नसणार. मी त्यांचा सदरा ओढला. "मोठे बाबा, येवढे तांदूळ हायेत की इथं." ते म्हणाले, "तांदूळ त हायेच वं. तांदूळ कुठं जाते? माग बंद आहे." मी ते वाक्य आज टिपणात घालणार होते. घातलं आणि खोडलं, कारण मॅडम विचारतील, संदर्भ काय?

तुझा गंज तर टिपणात बसणारच नाही. तू तो मोठा रिकामा गंज कमरेवर घेऊन गप्प झालेल्या घरी जायचीस आणि काहीतरी अगदी लहानसं मागायचीस. जिच्या घरी शेळी तिच्याकडे चमचाभर विरजण, जिच्या दारात कढीपत्ता तिच्याकडे कढीपत्त्याची एक काडी. ती बाई देई. भांडं उसनं आणलं की रिकामं परत करायचं नाही, ही आपल्यात रीतच. मग दुसऱ्या दिवशी तू तोच गंज काठोकाठ भरून परत न्यायचीस, कधी भात-वरण, कधी ज्वारीच्या कण्या आणि वर कढी. आधी तिने दिलेलं असायचं, त्यामुळे तिला मान खाली घालावी लागत नसे. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं. मी एकदा काढलं. कोपऱ्यावरच्या घरी, त्या काकूंच्या समोरच विचारलं, "विरजणाले येवढा मोठा गंज काहून, मोठ्याई?" तू हसत हसत माझा दंड असा दाबलास की घरी येईपर्यंत दुखत होता. घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, "पोटापेक्षा मोठं तोंड नको करू." मी रुसून बसले आणि तू मला वाढून स्वतः जेवायला बसलीस. तू नेहमी गंज भरायच्या आधी जेवून घ्यायचीस, तेही भरपूर. आई कुरकुरायची. तू म्हणायचीस, "उपाशी बाई वाढाले बसली त तिचा हात आखडते." इतरांच्या आया उपाशी राहून वाढतात असं ऐकलं की मला तुझा तो चटणीने माखलेला हात आठवतो आणि बरं वाटतं.

आता माझं ऐक. निवृत्तीनंतर मी धरमपेठेतल्या एका संस्थेत जाते. संस्थेचं मोठं स्वयंपाकघर आहे. तिथून रविवार सोडून रोज दुपारी जेवणाच्या गाड्या निघतात, त्यातली एक आपल्या चौकात उभी राहते. कुठे किती जेवण जायचं ते मी टेबलाशी बसून ठरवते. गाडीबरोबर फारशी जात नाही. लोक रांगेत उभे राहतात, ताट घेतात, आणि गाडीवरचा माणूस ताट हातात देतानाचा फोटो काढतो. तो फोटो देणगी देणाऱ्यांना जातो. काम वाईट नाही, मोठ्याई. भात मोकळा असतो, डाळीत डाळ असते. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंगणवाडीच्या सेविकेने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, की समोरच्या खोलीतल्या मुलीचं वजन उतरत चाललंय आणि तिची आई काही गाडीवर येत नाही. नवरा लकडगंजात हमाली करायचा, पाठ धरली म्हणून घरी आहे. बाई घरी बसून पिशव्या शिवते. दोघं सावनेरजवळच्या खाप्याचे, आपल्यासारखेच विणकरांचे, घरच्यांशी भांडून इथे आलेले. रेशनकार्ड एकत्र, सासऱ्याच्या नावाचं. यांच्या वाटचं धान्य सासरा तिकडे उचलतो. वेगळं कार्ड काढायचं तर त्याची सही हवी, आणि सही मागायला कोणी जात नाही.

हे ऐकलं आणि मला तू आठवलीस. कधी नव्हे तो मला माझाच अभिमान वाटला, की आपल्याकडे यावर घरचा उपाय आहे. घरातला मोठ्यात मोठा स्टीलचा डबा घेतला आणि समोर गेले. म्हटलं, "चमचाभर विरजण आहे का वं?" तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "आहे नं काकू. बसा. शेजारनीच्या फ्रिजमधी ठेवलं, आनतो." मुलगी माझ्याजवळ ठेवून ती चपला सरकवून गेली. मुलगी माझ्या बांगड्या मोजत बसली. तिचं मनगट माझ्या बोटांच्या कड्यात येऊन वर जागा उरत होती. आई परत आली तेव्हा डब्यात चमचाभर नाही, चांगलं अर्धा डबा दही होतं. घरी येऊन चाखलं. पाकिटातल्या दह्याची चव मला कळते, मी स्वतः तेच आणते. ती शेजारणीकडे नव्हे, दुकानात गेली होती.

माझं काय चुकलं ते मला तेव्हाच कळलं. तू आधी त्या घरी काय आहे ते पाहून मगच मागायचीस. मी ज्या घरी दुधाचं भांडं नाही तिथे जाऊन विरजण मागितलं. आणि खरं सांगू, आता पाहून तरी काय मागणार? शेळी नाही, दारात कढीपत्ता नाही, कोथिंबिरीची काडीसुद्धा दुकानातून येते. विकत न आणलेलं असं काही तिच्या घरात नाही, माझ्याही नाही. तरी मी म्हटलं, असू दे, एकदाचं झालं. दुसऱ्या दिवशी डबा वरण-भात, भाजी आणि उकडलेल्या अंड्यांनी गच्च भरला आणि देऊन आले. तिने हसून घेतला. मला वाटलं जमलं. तर तिसऱ्या दिवशी ती दारात उभी, डबा घेऊन. आत चिवळीची भाजी आणि भाकरी. मी पुन्हा भरून दिला. तो पातोडीचा रस्सा होऊन परत आला, वर तेलाचा चांगला तवंग. मी आणखी भरून दिला, की ती आणखी भरून देई. उन्हाळाभर आमचं हे चाललंय. माझं पोट भरतंय, मोठ्याई, आणि सेविका म्हणते, "म्याडम, पोरीचं वजन काही हलून नाई राह्यलं."

काल दुपारी माझा धीर सुटला. तिने दिलेला डबा तसाच घेऊन मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "हे बघ, यापुढं डबा रिकामा देत जा. परत काही भरू नको. पोरीले खाऊ घाल." तिने शिवणयंत्रावरचा हात काढला. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता, तोही वळला. ती म्हणाली, "मंग तुमी काय खाल?"

मी म्हटलं, "मी?"

"तुमीच त आल्या होत्या नं काकू. येवढा मोठा डबा अन् चमचाभर विरजण. मले समजत नाई का? आमच्या खाप्यात बाई असी मोठं भांडं घेऊन काही लहानसं मांगाले आली, त आमी काही पुसत नाई. भरून देतो." मग नवऱ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "एकल्या राह्यता, कोनी येत-जात दिसत नाई. आमाले वाटलं पेन्शन-बिन्शन अटकली असन. तुमी डबा भरून आनत, त मी यायले म्हनो, कुठून आनत असन बिचाऱ्या, पन रीत सोडत नाई."

मला आधी हसू आलं. नंतर राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. उन्हाळाभर ती बाई पोरीच्या ताटातलं काढून मला जगवत होती. आणि माझं अन्न आपल्या घरी आलेलं दिसलं की ते मला आणखी चांगलं करून परत करायची काळजी करत होती. मी तिथे उभी होते आणि माझ्या डोक्यात एकदम आपलं घर आलं. आपला स्वतःचा माग बंद पडला होता तो पावसाळा. मोठे बाबा ओसरीवर नुसते बसून, आणि घरात एवढी शांतता की आईचा खोकला मोठा वाटायचा. तेव्हाही तू गंज घेतला होतास. पण तेव्हा तू गप्प घरी गेली नव्हतीस, ज्यांचा माग खडखडत होता त्या घरी गेली होतीस. विरजण मागायला. आणि परत येताना गंज तुझ्या कमरेवर जड होता, तू वाकली होतीस, आणि मला वाटलं होतं की केवढं दही दिलं मोठ्याईला. आम्ही त्या रात्री पोटभर जेवलो. आपल्या घरी कधी उपास घडला नाही, हे मी आयुष्यभर लोकांना ताठ मानेने सांगत आले. म्हणजे तू द्यायला जायचीस तेव्हाही विरजण, आणि मागायला जायचीस तेव्हाही विरजणच. कोण कोणाला देतंय ते बाहेरून कळूच नये अशीच ती सोय होती. आम्हा पोरांना तर तू घरातसुद्धा कळू दिलं नाहीस. मला एवढ्या वर्षांनी, एका परक्या बाईच्या खोलीत उभं राहून कळलं, आणि तुझी फार आठवण आली.

मग मी तिला खरं सांगितलं. चौकात येते ती गाडी मी पाठवते, मला खायची ददात नाही, मी तुझ्या पोरीसाठी आले होते. हे सांगताना मला वाटत होतं की आता ती सुटेल. तिचा चेहरा मिटला. मुलीला मांडीवर ओढून ती बसली. "म्हंजे मीच त्या रांगेतली होतो," असं म्हणाली. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "काकू, मी तिथं काहून येत नाई, माहीत आहे? तो फोटो काढते. खाप्याची लोकं चौकात भाजी घेऊन बसतेत. एकाच्या मोबाइलवर गेला, त सासऱ्याच्या मोबाइलवर जाईन. तो म्हनन, पाय, निंगाली होती नं मोठी ताठ्यानं." मी म्हटलं, फोटो बंद करते. ती म्हणाली, बंद करा, पण तरी त्या रांगेत माणूस उभं राहिलं की गल्लीला ते दिसायचंच. नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "पोरगी वाळून राह्यली वं. तुह्या ताठ्याचं काय करतं?" तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमी जेवता का त्या गाडीवरचं?"

मी म्हटलं, "हो."

"रांगेत राहून?"

मी पुन्हा "हो" म्हटलं.

ती मुलीच्या केसांतून हात फिरवत होती. मग म्हणाली, "मंग सोमवारी तुमी उभ्या राहा. मी पोरीले घेऊन तुमच्या मांगं उभी राह्यतो. दोघी मिळूनच बसू कुठंतरी सावलीत. लोकं म्हनतीन, काकू अन् मी जेवाले आलो." म्हणजे तुझ्याच वळणाची निघाली ती. जिथे मी अडकले तिथून तिने आपली आपण वाट काढली.

घरी येऊन मी मॅडमना फोन केला. म्हटलं, सोमवारी आमच्या चौकात फोटो नाही. त्या म्हणाल्या, देणाऱ्यांना काय दाखवायचं मग? मी जरा जास्तच तोडून बोलले. शेवटी त्यांनी मान्य केलं, सध्यापुरतं तरी. तिच्या नवऱ्याला घेऊन या आठवड्यात सावनेरला तहसिलीत जायचं आहे, सासऱ्याकडे सहीसाठी मीच जाईन. माझ्याशी भांडायला त्याला जड जाईल. कार्ड वेगळं व्हायला वेळ लागेल, हेलपाटे होतील, आणि पोरीला उद्या दुपारीच भूक लागणार आहे. म्हणजे कारणे झाली, उपायही झाले. टिपण लिहायला आता काहीच हरकत नाही. तरी मी पुन्हा उठून खिडकीशी जाऊन आले. तिचं दार आता उघडं आहे. ती मुलीची वेणी घालते आहे, उद्याचा फ्रॉक दोरीवर वाळत घातला आहे. तिने वर पाहून हात केला. मीही केला.

हे पत्र कुठे टाकणार? टिपणाच्या फाइलीखाली सरकवून ठेवते. तुला पाठवता आलं असतं तरी मी ते पाठवलं नसतं, कारण आता जे लिहिते आहे ते वाचून तू माझा दंड पुन्हा दाबला असतास. त्या गाडीवरचं अन्न मी एकदाही खाल्लेलं नाही. स्वयंपाकघरात चव घेतली असेल, चमच्याने, मीठ बरोबर आहे ना म्हणून. रांगेत उभं राहून कधीच नाही. उद्या उभं राहायचं आहे. सकाळपासून मी मनात सबबी जुळवते आहे: ऊन लागेल, गुडघा धरेल, मॅडम नेमक्या तेव्हाच बोलावतील. औषधाचं दुकान चौकातच आहे आणि तिथला माणूस मला बाई म्हणून ओळखतो, माझ्या हाताखाली शिकलेला आहे. तो बघेल. भाजीवाल्या बघतील, आपल्या गल्लीतले उरलेसुरले बघतील, आणि मागे ती मुलीला घेऊन उभी असेल. मी सगळ्यांना रांगेत उभं राहायला सांगते, मोठ्याई, आणि मला त्या रांगेत उभं राहायची लाज वाटते.